नाव सांगा, आणि कशावरून तेही सांगा

मृगाचे दोन-चार पाऊस झाले की कुंड्यांमध्ये, वाफ्यांच्या कडेला, गच्चीवरच्या रिकाम्या ड्रममध्ये न पेरलेलं बरंच काही उगवतं. त्यातलं निम्मं आपण तण म्हणून उपटतो, थोडं ओळखीचं म्हणून ठेवतो आणि उरलेल्यापाशी हात थबकतो. मग शेजारच्या काकूंना विचारायचं, माळीबुवांना दाखवायचं, बागवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात फोटो टाकायचा. उत्तरं भराभर येतात. एकाच रोपाला चार माणसं चार नावं देतात आणि विचारणारा होता तिथेच राहतो. यात उत्तर देणाऱ्यांचा दोष क्वचितच असतो. बहुतेक वेळा ओळखण्यासारखं काही त्यांच्यापुढे ठेवलेलंच नसतं.

विचारण्याआधी एक काम आपल्यालाच करता येतं: हे रोप आलं कुठून, याचा माग काढायचा. कुंडीत घरच्या ओल्या कचऱ्याचं खत घातलं असेल तर टोमॅटो, मिरची, पपई, भोपळा, सीताफळ, चिंच यांच्यापैकी काही असण्याची शक्यता मोठी. नर्सरीतून आणलेल्या मातीबरोबर किंवा शेणखताबरोबर घोळ, आघाडा, नायटी, गाजरगवत येतं. कठड्यावर, पाइपाच्या सांध्यात, भिंतीच्या फटीत उगवलेलं रोप पक्ष्यांनी टाकलेल्या बीचं असतं, म्हणजे पिंपळ, वड, उंबर. आणि एकदांडी, रानमोडी, रुई यांच्या बिया तंतूंच्या पिसाऱ्यावर वाऱ्याने येतात, त्यांना कुठलीही गच्ची चालते. ‘कुंडीत आपोआप आलं’ एवढं सांगण्यापेक्षा ‘गेल्या वर्षी मोगरा होता, उन्हाळ्यात कंपोस्ट घातलं, त्या कुंडीत आलं’ असं सांगितलं की जाणकाराचं अर्धं काम होतं.

दुसरं, घाई नको. मातीतून वर येणारी पहिली जोडी ही खरी पानं नसतात, ती बीजदलं. भोपळा, दोडका, काकडी यांची बीजदलं इतकी सारखी असतात की अनुभवी माणूसही तेव्हा नाव घ्यायला कचरतो. पुढची चार-पाच पानं येऊ द्या. शंका असेल तर रोप मातीच्या गोळ्यासकट उचलून वेगळ्या कुंडीत लावा आणि कुंडीवर ‘अनोळखी’ म्हणून चिठ्ठी खोचा. दोन गोष्टींत मात्र वाट पाहू नये. भिंतीच्या फटीतलं रोप मोठं झालं की मुळं बांधकामात शिरतात, म्हणून ते ओळखण्याच्या आधीच काढून कुंडीत लावावं. आणि गाजरगवताची शंका आली तर फूल यायच्या आत उपटावं, तेही हातमोजे घालून, कारण त्याने अनेकांच्या अंगाला पुरळ उठतं. 1950च्या दशकात पुण्यात याची नोंद झाली आणि मग ते देशभर पसरलं. लहानपणी ते जमिनीलगत चकतीसारखं पसरतं, पानं चिरलेली असतात, आणि कोणी तरी हमखास ‘शेवंती आहे, राहू द्या’ असं सांगतं.

आता फोटोंविषयी. गटात येणारे बहुतेक फोटो उभ्याने, वरून काढलेले असतात. मध्ये हिरवा पुंजका, शेजारी चप्पल, मागे वाळत घातलेले कपडे. अशा फोटोवरून जो ठामपणे नाव सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. निदान चार फोटो हवेत: अख्खं रोप बाजूने, एक पान पांढऱ्या कागदावर ठेवून, आधी वरची मग खालची बाजू, पान खोडाला जिथे जोडलेलं आहे तो सांधा जवळून, आणि फूल किंवा फळ असेल तर तेही, समोरून आणि बाजूने. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवलं की आकार कळतो. भर दुपारच्या उन्हात रंग फिका येतो, म्हणून सकाळी किंवा सावलीत काढा. यातला सांध्याचा फोटो जवळजवळ कोणीच पाठवत नाही, आणि ओळखणाऱ्याला सगळ्यात जास्त गरज त्याचीच असते.

तो का, हे थोडं सविस्तर सांगायला हवं. आपण ज्याला पान म्हणतो ते कित्येकदा पान नसून पानाचा तुकडा असतो. कडुनिंबाची एक ‘डहाळी’ म्हणून जी आपण गुढीला लावतो, तिच्यावर एका दांडीला दोन्ही बाजूंनी करवती कडेच्या पात्या असतात. ती अख्खी दांडी मिळून एक पान. पातीला शास्त्रात पर्णिका म्हणतात. मग पान कुठलं आणि पर्णिका कुठली, हे ओळखायचं कसं? गुलाबाला किंवा लिंबाला डोळा भरलेल्यांना हे लगेच समजेल: पानाच्या बगलेत, जिथे ते फांदीला चिकटतं, तिथे डोळा असतो. पर्णिकेच्या बगलेत डोळा कधीच नसतो. डोळा शोधा, तिथून पुढे जे काही आहे ते एक पान.

एवढं कळलं की किती गोंधळ मिटतात पाहा. कडुनिंब आणि बकाण निंब ही दोन झाडं लोक सर्रास एकमेकांच्या नावाने खपवतात. कडुनिंबाच्या पानाची दांडी सरळ असते आणि पर्णिका तिलाच जोडलेल्या असतात. बकाण निंबाच्या दांडीला उपदांड्या फुटतात आणि पर्णिका त्या उपदांड्यांवर असतात. एका नजरेत फरक. आणि तो कळायला हवा, कारण बकाण निंबाची फळं विषारी आहेत. अशोकाचंही तेच. सोसायटीच्या कुंपणालगत रांगेने लावलेला उंच, निमुळता, झुलत्या पानांचा ‘अशोक’ हा खोटा अशोक किंवा आसुपालव. त्याचं पान एकेकटं. केशरी-लाल फुलांचे गुच्छ येणाऱ्या सीता अशोकाचं पान संयुक्त, म्हणजे जोडीजोडीने पर्णिका असलेलं. फूल नसतानाही एक फांदी हातात घेऊन हे सांगता येतं. मग पानं फांदीवर समोरासमोर आहेत की एकाआड एक, तेही त्याच फोटोत दिसतं, आणि त्या एका गोष्टीने कित्येक नावं बाद होतात.

फोटोत जे येत नाही ते लिहून सांगावं लागतं. पान चुरगळून वास घ्या: कढीपत्ता, पानओवा, सब्जा यांना वेगळी ओळख लागतच नाही. खोड बोटांत फिरवून पाहा. तुळस, पुदिना, सब्जा यांच्या कुळात कोवळं खोड चौकोनी लागतं. पान उजेडासमोर धरा; लिंबाच्या, बेलाच्या, कढीपत्त्याच्या पानात बारीक पारदर्शक ठिपके दिसतात, त्या सुगंधी तेलाच्या ग्रंथी. नर्सरीत ‘संत्रं आहे’ म्हणून दिलेलं रोप निदान त्या कुळातलं तरी आहे का, याची ही सोपी परीक्षा.

आणि चीक. पान तोडल्यावर देठातून पांढरा चीक येतो का, ही बागवाल्याची सगळ्यात जुनी कसोटी. पावसाळ्यात कुंड्यांमध्ये भुईआवळी उगवते. काविळीवर घरगुती औषध म्हणून लोक ती शोधत असतात. तिच्या शेजारी नायटीही उगवते, आणि ओळख नसलेला माणूस दोन्ही एकाच मुठीत गोळा करतो. भुईआवळीच्या बारीक फांदीवर पानं दोन ओळींत असतात आणि फांदीच्या खालच्या अंगाला मोहरीएवढी फळं रांगेने लटकतात. नायटीचं खोड लालसर, केसाळ, पानं समोरासमोर, फुलांचे बारीक गोळे पानांच्या बगलेत. पण एवढं पाहायची गरजच नाही. तोडून पाहा: नायटीला चीक येतो, भुईआवळीला येत नाही. चिकाची परीक्षा केल्यावर हात धुवा आणि डोळ्यांजवळ बोट नेऊ नका. शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते.

विचारायचं कोणाला, हाही प्रश्नच आहे. बागेचं ज्ञान कोणा एकाकडे अख्खं नसतं, ते माणसांमध्ये वाटलेलं असतं. मावळात किंवा कोकणात लहानपण गेलेल्या आजींना पावसाळी रोपटी कोवळेपणीच ओळखता येतात, कारण खुडायची वेळ तीच. टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी त्यांनी शेकडो वेळा निवडलेली असते. फूल आल्यावर दाखवलंत तर कदाचित त्याच चाचरतील, कारण फुलावर आलेली भाजी त्यांनी कधी घरी आणलेलीच नसते. ठाणे-पालघर भागातल्या ज्या आदिवासी बाया जून-जुलैत शेवळं, कंटोळी घेऊन बाजारात बसतात, त्यांना एक जुडी घेऊन चार प्रश्न विचारावेत. शेवळाबरोबर काकडाची फळं का घालायची, तेही त्या सांगतील: नाही घातली तर घसा खवखवतो. हे ज्ञान कुठल्या पुस्तकाच्या आधी त्यांच्याकडे आहे.

माळीबुवांना झाड कसं वाढतं हे माहीत असतं: फांदीने लागतं की बीने, छाटणी सोसतं की नाही, पानं कधी गाळतं. त्यांना नाव विचारण्यापेक्षा ‘हे कशासारखं वागेल?’ असं विचारलं तर जास्त मिळतं. नर्सरीवाल्याकडे नाव असतंच, पण ते विक्रीचं नाव. ‘जेड’ म्हणून जे लहान, गोल, जाड पानांचं झाड आपल्याकडे सर्रास मिळतं ते खऱ्या जेडच्या कुळातलंही नसतं, ते पोर्टुलाकारिया. ‘इन्सुलिन’ नावाने विकलं जाणारं झाड पेवा या आपल्या सह्याद्रीतल्या रानफुलाच्या कुळातलं आहे. नावावर भुलून मधुमेहाच्या गोळ्या बंद करू नयेत, एवढं इथे सांगून ठेवतो.

वैद्यांना विचारलंत तर ग्रंथातलं नाव मिळेल, आणि तिथे वेगळीच अडचण. ‘ब्राह्मी’ म्हणून महाराष्ट्रात अनेक घरांत जी गोलसर, किडनीच्या आकाराच्या पानांची, जमिनीवर पसरणारी वनस्पती लावलेली असते ती मंडूकपर्णी, सेंटेला एशियाटिका. दुसरी ब्राह्मी म्हणजे बाकोपा मोनिएरी: पानं छोटी, गुबगुबीत, फूल पांढरट-फिकट जांभळं. दोन्हीला ब्राह्मी म्हणणारे आपापल्या जागी बरोबर असतात. शंखपुष्पी या नावाखाली तर निदान तीन वेगळ्या वनस्पती येतात, त्यांत आपली गोकर्णही आहे. अशा वेळी भांडत बसण्यापेक्षा शास्त्रीय नाव मागावं. शास्त्रीय नावंही बदलतात, त्याला घाबरू नका. टाकळा एकेकाळी कॅसिया होता, आता सेन्ना आहे. पुस्तकात एक आणि बागेच्या पाटीवर दुसरं दिसलं तर दोन्ही टिपून ठेवा.

आता मूळ मुद्दा. उत्तर येईल तेव्हा नावावर थांबू नका. कशावरून, ते विचारा. ‘टाकळा वाटतो’ असं तिघांनी सांगितलं आणि चौथ्याने लिहिलं, ‘कासविंदा. पर्णिका टोकदार आहेत, चार-पाच जोड्या दिसतात, आणि देठाच्या अगदी बुडाशी एक गाठ आहे’, तर चौथ्याचं ऐका. मग स्वतः कुंडीपाशी जाऊन तपासा. टाकळ्याला पर्णिकांच्या बहुधा तीन जोड्या, टोकाकडे रुंद आणि गोलसर. त्याची बारीक गाठ खालच्या जोड्यांच्या मध्ये असते, देठाच्या बुडाशी नाही. कासविंद्याच्या पानाला उग्र वास येतो. बहुमताने झाड ओळखता येत नाही. कारण सांगणारा एखादे वेळी चुकेल, पण त्याची चूक आपल्याला सापडेल. नुसतं नाव सांगणाऱ्याची सापडणार नाही.

हा फरक नुसता हौसेचा नाही. पश्चिम उत्तर प्रदेशात अनेक वर्षं पावसाळा संपून थंडी सुरू होताना लहान मुलं अचानक आजारी पडत आणि त्यांतली बरीच दगावत. सुरुवातीला तो विषाणूचा मेंदूज्वर समजला गेला. पुढे डॉक्टरांनी आजारी मुलांच्या घरी जाऊन चौकशी केली तेव्हा धागा कासविंद्याच्या शेंगांपर्यंत पोचला. मुलं खेळताना त्यातल्या बिया खात होती. 2007 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गावात ते झाड सगळ्यांनी पाहिलेलं होतं, आणि तरीही धोका कोणाच्या ध्यानात आला नव्हता.

म्हणून खाण्याच्या बाबतीत वेगळा नियम. फोटोवरून ओळखलेलं काहीही खायचं नाही, ओळखणारा कितीही मोठा असो. ती भाजी ज्याने स्वतः वर्षानुवर्षं शिजवून खाल्ली आहे, त्याने रोप हातात घेऊन हो म्हटलं, तरच. कंदांच्या बाबतीत तर आणखी काटेकोर राहावं. कळलावीचा कंद अतिशय विषारी. पण तिची ओळख पटायला फूलही लागत नाही, पानाचं टोक लांबत जाऊन ताणव्यासारखं गुंडाळतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. अळूसारखी दिसणारी शोभेची झाडं गच्च्यांवर वाढली आहेत. खायच्या अळूचा देठ पानाच्या आतल्या बाजूला, कडेपासून थोडा दूर चिकटतो. शोभेच्या बऱ्याच जातींत पानाची खाच थेट देठापर्यंत जाते. ही खूण उपयोगी आहे, पण भाजी करण्याइतकी भरवशाची नाही. गुळवेलीबाबत आयुष मंत्रालयानेच खुलासा केला होता: औषधात वापरली जाते ती टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, आणि तिच्यासारखी दिसणारी, खोडावर गाठी असलेली टिनोस्पोरा क्रिस्पा वेगळी, ती घेऊ नये. घरातल्या मुलाने अनोळखी पान किंवा बी खाल्ली तर गटात फोटो टाकून उत्तराची वाट पाहू नका. दवाखाना गाठा, आणि त्या झाडाची फांदी बरोबर न्या.

मोबाइलवरची ओळख सांगणारी अ‍ॅप्स? वापरा, पण गटातला आणखी एक सभासद समजून. बागेतली प्रसिद्ध फुलझाडं ती चटकन सांगतात. कोवळी रोपं आणि सह्याद्रीतली रानटी झाडं समोर आली की भलतीच नावं देतात. आणि ‘कशावरून’ याला त्यांच्याकडे उत्तर नसतं. त्यांनी दिलेल्या नावाची फुलं-पानं पुस्तकात पाहून मग ठरवा. मराठी वाचकाला त्यासाठी श्री. द. महाजन यांची देशी-विदेशी वृक्षांवरची पुस्तकं सोपी पडतात. रानफुलांसाठी श्रीकांत इंगळहळीकरांचं ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ आहे. जुनं, कोरडं, पण अजूनही अभ्यासक ज्याच्याकडे वळतात ते थिओडोर कुक यांचं मुंबई इलाख्याचं वनस्पतिवर्णन 1901 ते 1908 या काळात निघालं. कुक पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे, म्हणजे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झालेल्या संस्थेचे, प्राचार्य होते.

काही रोपं तरीही अडून बसतात. त्यांना फूल येईपर्यंत सांभाळणं हाच उपाय, कारण वनस्पतींची शास्त्रीय वर्गवारी मुख्यतः फुला-फळांवर उभी आहे. चिठ्ठीवर महिना, जागा, ऊन किती, आणि आतापर्यंत सुचवलेली नावं लिहून ठेवा. फूल आलं की फुलासकट वीतभर फांदी कापा, जुन्या वर्तमानपत्रात पसरून वर वजन ठेवा, आणि पहिले काही दिवस कागद रोज बदला, नाहीतर बुरशी धरते. फुलाचा रंग वाळल्यावर उडतो, म्हणून ताजं असतानाच लिहून ठेवायचा. उंची, चीक, वास, सापडलेली जागा, तारीख हेही. अशी फांदी घेऊन जाणकाराकडे जाणं हे दहा फोटोंपेक्षा चांगलं. आपल्या गावच्या महाविद्यालयातला वनस्पतिशास्त्र विभाग हा पहिला दरवाजा. त्याच्या पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पुण्यातलं पश्चिम विभागाचं केंद्र 1955 पासून आहे, आणि मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात ब्लाटर हर्बेरियम आहे. जाण्यापूर्वी चौकशी करून वेळ ठरवावी. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास पुष्पप्रदर्शन भरतं. तिथे स्पर्धेत कुंड्या मांडून उभे असलेले हौशी बागवाले हातातली फांदी पाहून बोलायला थांबतात, हा अनुभव अनेकांचा आहे.

शेवटी, नाव नक्की झालं की ज्यांनी ज्यांनी उत्तर दिलं होतं त्यांना कळवा: फुलाचा फोटो, नाव, आणि ते कोणत्या खुणेवरून ठरलं ते एका ओळीत. ज्यांचा अंदाज चुकला होता त्यांना तर आठवणीने कळवा. पुढच्या पावसाळ्यात तेच रोप दुसऱ्या कोणाच्या कुंडीत उगवणार आहे, आणि तेव्हा विचारलं त्यांनाच जाणार आहे.